काचेखालचं पान

माझी वहिनी घरातून एका दमात बाहेर पडलेली मी कधी पाहिली नाही. एकदा निघते, जिना उतरते, थबकते, परत वर जाते, गॅसचं बटण हाताने चाचपते, दाराची कडी दोनदा ओढून बघते आणि मग खरी निघते. खालच्या मजल्यावर माझं पडदे शिवायचं दुकान आहे, त्यामुळे हा रोजचा खेळ मला फुकटात ऐकू येतो. माझा भाऊ तिला 'काळजीवाहू सरकार' म्हणतो. मी काही म्हणत नाही, फक्त तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने उसासा टाकते. मला घाबरट माणसांचा लहानपणापासून राग आहे, आणि देवाने भावजय दिली तीच अशी.

ती शिकलेली डॉक्टर. लग्न होऊन आली तेव्हा तिचा स्वतःचा छोटा दवाखाना होता. पेशंट घरी गेला की डॉक्टरचं काम संपतं, असं आपल्याला वाटतं. हिचं तिथून सुरू व्हायचं. "गोळी घेतली का? जेवणाआधी की नंतर? पुरळ वगैरे नाही ना?" असे फोन ती जेवता जेवता करायची. एका बाईने तर सांगितलं, "डॉक्टर, तुम्ही फोन केला की मला आजारी असल्यासारखं वाटायला लागतं," आणि डॉक्टर बदलला. वहिनीला ते फार लागलं. झोप कमी झाली, जेवण कमी झालं, आणि शेवटी दवाखाना बंद करून तिने नोकरी धरली.

नोकरी अशी की पेशंटचं तोंडसुद्धा बघायला नको. जगात रोज इतकं संशोधन होतं, इतकी नवी औषधं येतात, जुन्या औषधांबद्दल नवं काही निघतं, ते सगळं दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरने कधी वाचायचं? त्याला दुपारचं जेवायलाही चार वाजतात. म्हणून ही मंडळी त्याच्या वतीने वाचतात. आठवड्याला एक बातमीपत्र काढतात आणि फोनवर एक पुस्तिका ठेवतात. कुठल्या आजाराला कुठलं औषध, किती द्यायचं, कशावर लक्ष ठेवायचं, सगळं त्यात. पेशंट समोर बसलेला असताना डॉक्टर हळूच फोन काढून बघतो ना, तो दर वेळी मेसेजच बघत असतो असं नाही. कधी कधी माझ्या वहिनीने लिहिलेलं वाचत असतो.

तिला वाटलं, आता सुटले. मलाही वाटलं, चला, एकदाची सुटली. पण झालं काय, तर आगीतून फुफाट्यात. पूर्वी एका वेळी एक पेशंट असायचा आणि त्याचा फोन नंबर असायचा. आता पेशंट किती, कुठे, कोण, काहीच माहीत नाही. फोन करून विचारायचीही सोय नाही.

तिच्या कामाची एक पद्धत मात्र मला आवडायची, कारण तिच्यात मला मान होता. बातमी लिहून झाली की कागद घेऊन ती माझ्या दुकानात यायची. माझ्या तोंडात टाचण्या, हातात कापड. ती कागद माझ्या नाकासमोर धरायची, क्षणभराने काढून घ्यायची आणि विचारायची, "काय कळलं?" मी जे कळलं ते सांगायची. बहुतेक वेळा चुकीचं सांगायची. मग ती खूश व्हायची. "बघा, घाईत वाचणाऱ्याला असं वाटतं. दवाखान्यात सगळे घाईतच वाचतात." आणि वर जाऊन वाक्य बदलायची. तिच्या ऑफिसात मोठमोठे शिकलेले लोक होते, पण माझ्याएवढं उतावळं कोणी नव्हतं. तक्ते मात्र ती मला दाखवत नसे. तक्ते सगळे आकड्यांचे. आकडे तपासायला ऑफिसात दोन माणसं वेगळी होती, एक मोठ्याने वाचायचा आणि दुसरा मूळ कागदाशी ताडून बघायचा.

तिचे साहेब म्हणजे मुख्य संपादक. त्यांचं नाव ऑफिसात कोणी घेत नसे. सगळे त्यांना 'सुटसुटीत' म्हणायचे, कारण त्यांच्या तोंडात तो एकच शब्द. तक्ता एका पानात बसला पाहिजे, सुटसुटीत. रकान्यात शब्दांची गर्दी नको, नुसता आकडा पाहिजे. काही अपवाद असेल तर आकड्याच्या डोक्यावर चांदणी काढायची आणि पानाच्या तळाशी चांदणीपुढे काय ते लिहायचं. माणूस वाईट नव्हता. डॉक्टरांना त्यांचे तक्ते आवडायचे, ही गोष्ट खरी.

त्या दिवशी मला सकाळपासून गरगरत होतं. मी म्हटलं, झोपून राहते, होईल बरं. वहिनीने ऑफिसला रजा कळवली, मला रिक्षात कोंबलं आणि आमच्या डॉक्टरांकडे नेलं. हे डॉक्टर आमच्या घरचे जुने. मी लहान असताना त्यांनीच मला इंजेक्शन दिलेलं, आणि मी त्यांना चावले होते. वहिनीला ते सूनबाई म्हणतात. मधे त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते बरेच दिवस घरी होते. तेवढ्या दिवसांत एक नुकतीच शिकून आलेली मुलगी बदली डॉक्टर म्हणून बसत होती. आता ते काळा चष्मा लावून परत खुर्चीत आले होते.

त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, ब्लडप्रेशर बघितलं, आणि मीठ कमी खा म्हणून सांगितलं. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं हसले.

"सूनबाई, हे बघ. तुझं पान. कायम डोळ्यासमोर ठेवलंय."

त्यांच्या टेबलावर जाड काच आहे. काचेखाली त्यांच्या नातीने काढलेलं एक मांजर, औषध कंपन्यांची कार्डं, जुनं कॅलेंडर, आणि बरोबर मधोमध सांधेदुखीच्या औषधांचा वहिनीचा तक्ता. फोनवरून छापून घेतलेला.

वहिनीचा चेहरा उजळला. खरंच सांगते, इतक्या वर्षांत तिच्या लिहिण्याचं असं कोणी तोंडावर कौतुक केलेलं मी पाहिलं नव्हतं. ती वाकून बघायला लागली. आणि बघता बघता तिचा चेहरा उतरला. तिने काचेवर बोट ठेवलं.

"डॉक्टर, याच्या खालची ओळ कुठे आहे?"

"कुठली ओळ?"

"ही चांदणी आहे ना, हिची खालची ओळ."

"अगं, काचेखाली बसेना. या कार्डांच्या मधे येत होतं. खालून थोडं कापलं मी."

मीही वाकून पाहिलं. पान कात्रीने सरळ कापलेलं होतं, माझ्या हातूनसुद्धा इतकं सरळ कापलं जात नाही. वर रकान्याला नाव होतं 'रोजचा डोस'. खाली गोळ्यांची नावं आणि पुढे आकडे. त्यातल्या एका आकड्याच्या डोक्यावर बारीकशी चांदणी. आणि चांदणीचा अर्थ सांगणारी ओळ कचऱ्याच्या टोपलीत गेलेली.

"ती गोळी रोज घ्यायची नाही," वहिनी म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती की स्वतःशी, ते मला कळलं नाही. "आठवड्यातून एकदा. फक्त एकदा. रोज घेतली तर अंगातलं रक्त तयार होणं बंद पडतं."

"ते मला पाठ आहे गं," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या जन्माआधीपासून देतोय मी ती गोळी."

"तुम्हाला पाठ आहे. पण तुम्ही नव्हता तेव्हा इथे कोण बसत होतं?"

डॉक्टरांनी काळा चष्मा काढला. मग फोन उचलून त्या बदली मुलीला लावला, आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

त्या मुलीचा आवाज शाळेतल्या पोरीसारखा होता. हो, एका पेशंटला दिली होती ती गोळी. तिने स्वतःच्या मनाने नाही दिली. तो सांध्यांच्या मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला होता आणि चिठ्ठीत लिहिलं होतं, ही गोळी नेहमीच्या डोसने सुरू करावी. नेहमीचा डोस म्हणजे किती, म्हणून तिने समोर बघितलं.

"समोर म्हणजे काचेखाली?" वहिनीने विचारलं.

"हो. रोजची एक मात्रा लिहिली होती. मला कॉलेजात आठवड्याची काहीतरी शिकवल्यासारखं वाटत होतं. पण छापलेलं समोर होतं ना, मॅडम."

तिचं काय चुकलं सांगा. छापलेलं समोर असताना स्वतःच्या आठवणीवर कोण भरवसा ठेवतं? मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. पेशंटचं नाव तिला आठवेना. नखांत माती होती आणि बोटं सुजलेली होती, एवढं सांगून ती रडायला लागली. डॉक्टर तिला रागावले नाहीत. "रडू नको, आधी तो माणूस सापडू दे," म्हणाले.

दवाखान्याला लागूनच औषधांचं दुकान आहे. वहिनी धावतच गेली, तिच्यामागे मी गरगरत्या डोक्याने. दुकानदाराला गोळीचं नाव सांगताच त्याने मान हलवली.

"माळीबुवा. कालव्यापलीकडच्या रोपवाटिकेतले. मला तेव्हाच शंका आली होती, रोज कशी काय म्हणून. मी लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, थांबा, परत बघून सांगते. बघितलं आणि म्हणाल्या, हो, रोजच. मग मी दिली."

म्हणजे शंका आली होती. विचारलंही होतं. आणि परत तपासताना तिने त्याच काचेखालच्या त्याच कापलेल्या पानात बघितलं होतं. वहिनीने काउंटरची कड घट्ट धरली. किती दिवस झाले, तिने विचारलं. दुकानदाराने बोटांवर मोजलं आणि म्हणाला, आठवडा उलटून गेला.

रिक्षात ती पुढे सरकून रस्त्याकडे बघत बसली. मी म्हटलं, "तुझं काही चुकलेलं नाही. तू ओळ लिहिली होतीस. त्यांनी कापली." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सिग्नलला रिक्षा थांबली तशी मला रिक्षावाल्याचा, सिग्नलचा, पुढच्या ट्रकचा, सगळ्यांचा राग यायला लागला. आणि तेव्हा लक्षात आलं, की हा राग नाही. उगाच काळजी करते म्हणून जिला मी आयुष्यभर हसले, तिच्या शेजारी बसून मी अगदी तिच्यासारखीच घाबरले होते.

रोपवाटिकेत दारापासून आतपर्यंत कुंड्याच कुंड्या. गल्ल्यावर माळीबुवांची मुलगी बसली होती. बाबा मागे आहेत म्हणाली, आणि वर सांगितलं, "दोन दिवस जेवत नाहीयेत. तोंड आलंय त्यांना. उष्णतेचं असेल." वहिनीने माझा हात असा दाबला की माझ्या बांगडीचा वळ उठला.

माळीबुवा मागच्या बाजूला रोपं पिशव्यांतून कुंड्यांत लावत होते. आम्ही डॉक्टरांकडून आलो म्हणताच त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि बोटं उघडून मिटून दाखवली.

"बघा. मूठ वळतेय. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्या पोरीला सांगा, तिच्या हाताला गुण आहे."

"काका, ती गोळी आजपासून बंद," वहिनी म्हणाली.

"का म्हणून?"

"ती रोज घ्यायची नव्हती. आठवड्यातून एकदा घ्यायची होती."

"पण गुण आला की हो."

"तोंड आलंय ना तुम्हाला? ते त्या गोळीमुळे आहे. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये जायला हवं."

माळीबुवा ऐकेनात. त्यांचं म्हणणं साधं होतं. इतकी वर्षं इतके डॉक्टर झाले, कोणी काही करू शकलं नाही. एका पोरीने गोळी दिली, मूठ वळायला लागली. आता एक अनोळखी बाई येऊन सांगते की बंद करा. तोंड काय, येतं आणि जातं. ते परत खुरपं घेऊन मातीत हात घालायला लागले. वहिनी त्यांच्यासमोर मातीत उकिडवी बसली.

"काका, त्या पोरीची चूक नाही. तिने ज्या कागदात बघितलं तो कागद मी लिहिला आहे. त्यातली एक ओळ कापली गेली. मी डॉक्टर आहे. माझं ऐका. आज नाही आलात तर उद्या तुम्हाला ताप येईल, आणि मग कोणाच्याच हातात काही राहणार नाही."

माळीबुवांनी तिच्याकडे नीट पाहिलं. घाबरलेलं माणूस खोटं बोलत नाही, हे त्यांना कळलं असावं. त्यांनी खुरपं बाजूला ठेवलं. मुलीला हाक मारली, आणि पिशव्यांतल्या रोपांना पाणी घालायला सांगून नळावर हात धुवायला गेले.

हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं आणि लगेच दाखल करून घेतलं. पांढऱ्या पेशी फारच कमी झाल्या होत्या. त्या गोळीवर उतारा असतो, तो सुईने सुरू केला. कोणाला जवळ जाऊ देईनात, कारण साधी सर्दीही त्यांना झेपली नसती. तिथले डॉक्टर म्हणाले, पुढचे तीन-चार दिवस आकडे कसे जातात त्यावर सगळं आहे. खाली जाऊन वर आले तर ठीक.

बाहेरच्या बाकावर माळीबुवांची मुलगी आमच्या शेजारी बसली होती. मघाशी रोपवाटिकेत ती लांब उभी होती, तिला सगळं ऐकू गेलं नव्हतं. तिने विचारलं, "तुम्ही कोण आहात पण? दवाखान्यातल्या आहात का?" मी काहीतरी गुळमुळीत बोलणार होते. वहिनीने सगळं सांगितलं. मुलीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, उठली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या जागी मी असते तर नुसती उठले नसते.

ते दिवस वहिनीने कसे काढले, ते मी पाहिलं आहे. सकाळी ऑफिसला जायच्या आधी हॉस्पिटल, संध्याकाळी परत हॉस्पिटल. आकडा विचारायचा, पुटपुटत परत यायचं. पहिले दोन्ही दिवस आकडा खालीच गेला. तिसऱ्या दिवशी माळीबुवांना ताप आला. त्या दिवशी तिने घरातून निघताना गॅस बघितला नाही, कडी ओढली नाही, सरळ निघून गेली. मी वर जाऊन गॅस बघून आले.

चौथ्या दिवशी आकडा थांबला. मग हळूहळू चढायला लागला. मुलीने बाकावरून आम्हाला मानेनेच सांगितलं. वहिनी पायरीवर बसली आणि हुंदके देऊन रडली. येणारी-जाणारी माणसं आमचं कोणी गेलं असं समजून बाजूने जात होती.

माळीबुवा घरी आले. सांध्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी तीच गोळी आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितली, अगदी लिहून, वार घालून. माळीबुवांनी ती चिठ्ठी घेतली आणि गोळी घेतली नाही. आता त्यांना कुठलीच गोळी नको आहे. बोटं परत सुजली आहेत. रोपं आता मुलगी लावते आणि ते बाजूला बसून कसं लावायचं ते सांगतात.

इकडे वहिनीने ऑफिसात सगळं सांगितलं. सुटसुटीत साहेबांनी पान काढून बघितलं. ओळ जागच्या जागी होती, चांदणी जागच्या जागी होती. "आपलं पान बरोबर आहे," ते म्हणाले. "कोणी कात्री लावली तर त्याला आपण काय करणार?" वहिनी म्हणाली, सगळ्या डॉक्टरांना सूचना पाठवू या. साहेब म्हणाले, बरोबर असलेल्या पानाबद्दल सूचना पाठवली तर लोक म्हणतील यांचं चुकलं. संध्याकाळी हे सांगताना ती माझ्या दुकानात कापडाच्या ताग्यावर बसली होती.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मी म्हटलं, ते पान मी टेबलावर बसून वाचण्यासाठी लिहिलं. पण कोणी तसं वाचत नाही. डॉक्टर ते छापतात, कापतात, काचेखाली ठेवतात. हे मला माहीत असायला हवं होतं. मी स्वतः दवाखाना चालवला आहे, माझ्याही टेबलावर काच होती."

"आणि साहेब?"

"म्हणाले, भावनेच्या भरात बोलतेस."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, चल, मी येते तुझ्या साहेबांकडे, बघते कसे सुटसुटीत राहतात ते. ती हसली, खूप दिवसांनी. "वन्सं, तुमची गरज नाही. सूचना लिहिली आहे. उद्या त्यांच्या टेबलावर ठेवते. सही करायची नसेल तर माझा राजीनामा खालीच आहे." माझी ही वहिनी म्हणजे दुकानात पिशवी विसरली तर ती मागायला दुकानदाराकडे परत जायचीही भीती वाटणारी बाई. मी टाचणी बोटात टोचून घेतली.

साहेबांनी सही केली. राजीनाम्याला भ्याले की त्यांनाही रात्री झोप लागली नाही, कोण जाणे. तक्त्यात त्या गोळीच्या रकान्यात आता आकडा नाही, 'आठवड्यातून एकदाच' असं जाड अक्षरात लिहिलं आहे, आणि रकाना बाहेर आल्यामुळे पान वाकडं दिसतं. सूचना अगदी लहान होती. मला दाखवली होती, मी टाचण्या तोंडात ठेवून वाचली आणि बरोबर सांगितली. सांधेदुखीचा तक्ता छापून ठेवला असेल तर आत्ता काढून बघा. चांदणीची ओळ कापली गेली असेल तर फाडून टाका. त्या गोळीवर कोणी पेशंट असेल तर त्याला आज फोन करा. खाली वहिनीचं नाव आणि तिचा नंबर.

रविवारी दुपारी उत्तरं यायला लागली. मी वरच होते, तिच्या घरी. तिने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. डॉक्टरांनी फोटो पाठवले होते, आपापल्या टेबलांचे. एका काचेखाली लग्नाचा फोटो आणि शेजारी तिचं पान. एकीखाली देवाचं चित्र आणि तिचं पान. कोणी भिंतीवर चिकटवलं होतं, कोणी कपाटाच्या दाराला आतून, कोणी घडी घालून ब्लडप्रेशरच्या यंत्राच्या डबीत. बहुतेकांनी लिहिलं होतं, वेळेवर सांगितलंत, आमच्याकडे कोणी पेशंट नाही. काहींनी लिहिलं होतं, एक होता, फोन केला, ठीक आहे. पण जवळजवळ प्रत्येक पान खालून कापलेलं होतं. जो तो आपल्या काचेच्या मापाने कापत होता आणि प्रत्येकाची कात्री नेमकी त्याच जागी चालली होती. वहिनी एकेक फोटो मोठा करून बघत होती. मी म्हटलं, पुरे, जेव आता. ती म्हणाली, हा एकच.

तो कुठल्या तरी लहान गावातल्या डॉक्टरचा होता. त्याने फोटो पाठवला नव्हता, नुसतं लिहिलं होतं.

"मॅडम, गेल्या वर्षी माझ्याकडे एक आजी होत्या. ही गोळी मी त्यांना रोज दिली होती. तीन आठवड्यांनी त्यांना ताप आला आणि त्या गेल्या. आम्ही न्यूमोनिया धरला. त्यानंतर मी त्याचा कधी विचार केला नव्हता. आत्ता काच उचलून बघितली. यामुळे गेल्या का?"

खाली त्याचा नंबर होता. भाऊ स्वयंपाकघरातून विचारत होता, पानं घेऊ का? वहिनीने उत्तर लिहायला सुरुवात केली, दोन शब्द लिहिले, खोडले. परत लिहिले, परत खोडले. मला वाटलं आता ही मला विचारेल, घाईत वाचलं तर काय कळतं. तिने लॅपटॉप बाजूला सरकवला, फोन घेतला आणि त्याचा नंबर लावला. पलीकडे पहिल्याच घंटेला उचलला गेला. तो माणूस फोन हातात धरूनच बसला असणार.

"डॉक्टर," वहिनी म्हणाली, "ते पान मीच लिहिलं होतं. हो, यामुळेच गेल्या असाव्यात. फोन ठेवू नका. मी आहे."